‘नव्या शेतातला माजी सैनिक’ : विन्स्लो होमरच्या चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत मी रविवारी चित्रे दाखवते. कुठे वाचनालयाच्या खोलीत, कुठे देवळाच्या ओसरीवर. भिंतीला पांढरी चादर लावायची, प्रोजेक्टर सुरू करायचा, आणि पुढ्यात बसलेल्या पंधरा-वीस माणसांशी बोलायचे. त्यांत शाळकरी मुले असतात, शेतकरी असतात, धुणीभांडी आटपून आलेल्या बायका असतात, आणि पेन्शनीवर आलेले फौजी तर आपल्या सीमाभागात प्रत्येक गावात असतातच. चित्रे दर वेळी वेगळी असतात, पण हे एक लावले की बैठक हटकून लांबते. गावोगाव तेच प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसह इथे लिहून ठेवते आहे.

हे चित्र कुणाचे आणि कधीचे?

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) याचे. त्याने ते १८६५ साली तैलरंगात काढले. इंग्रजी नाव ‘द व्हेटरन इन अ न्यू फील्ड’. मूळ चित्र १९६७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चादरीवर भलेमोठे दिसत असले तरी प्रत्यक्षात ते दोन फूट उंच आणि जेमतेम सव्वातीन फूट रुंद आहे.

साल मात्र ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने ॲपोमॅटॉक्स येथे उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली. या युद्धात सहा लाख वीस हजार माणसे मेली असे बरीच वर्षे धरले जाई. अलीकडचे अभ्यासक तो आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात. उत्तरेकडे गहू जुलैच्या आसपास कापणीला येतो. म्हणजे चित्रातला माणूस लढाईवरून येऊन फार तर दोन-तीन महिने झाले असतील.

चित्रात आहे तरी काय?

फार थोडे. पाठमोरा एक माणूस, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात लांब दांड्याचे कापणीचे हत्यार. त्याच्यापुढे गव्हाची भिंत. वर निळ्या आभाळाची पट्टी. पायाशी कापून पडलेली काडे. घर नाही, झाड नाही, गुरे नाहीत, दुसरे माणूस नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, कापलेल्या गव्हावर, काहीतरी काळपट ठेवलेले आहे.

तो सैनिक आहे हे कशावरून?

त्या काळपट कोपऱ्यावरूनच. तिथे उत्तरेच्या फौजेचा कोट आहे आणि पाण्याची बाटली आहे. मुलांना मी एक करायला सांगते. मोबाइलवर चित्र उघडा आणि अंगठ्याने तो कोपरा झाका. आता ते सुगीचे चित्र झाले. चांगले ऊन पडले आहे, पीक भरघोस आहे, गडी कामाला लागला आहे. मग अंगठा काढा. गहू तोच, ऊन तेच, पण पोटात काहीतरी हलते. एवढाशा कोपऱ्यावर सगळे चित्र तोललेले आहे.

कोट काढला आहे कारण उकडते. बाटली आणली आहे कारण तहान लागते. या दोन्ही गोष्टी आधी कामाच्या आहेत, अर्थ मागाहून येतो. माझे आप्पा १९७१च्या लढाईनंतर काही वर्षांनी पेन्शनीवर घरी आले. त्यांच्याकडे फौजेतली बाटली होती, खाकी फेल्टच्या खोळीची. तिचे बूच हरवले तेव्हा त्यांनी मक्याचे बुरकुंड तासून बसवले. ते गळायचे, म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली असायची. भाताच्या कापणीला ती बाटली बांधावरच्या करंजाला टांगलेली असे. गावातल्या कुणालाही ती कसली खूण वाटत नव्हती, पाण्याची बाटली वाटायची. आप्पांना काय वाटायचे ते त्यांनी कधी सांगितले नाही. मात्र नवी बाटली आणून दिली ती त्यांनी वापरली नाही.

होमरने कोट आणि बाटली फार लांब टाकलेली नाहीत हेही पाहा. चार पावले मागे आला तर हाताला लागतील.

त्याच्या हातातले हत्यार कसले? त्याने गहू कापतात का?

या प्रश्नावाचून माझी एकही बैठक झालेली नाही, आणि तो दर वेळी शेतकऱ्याकडूनच येतो.

आपल्याकडे भात असो, शाळू असो, गहू असो, कापणी विळ्याने आणि वाकून. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्याने विळा ओढायचा, कापलेल्या मुठी कडपात ठेवत पात पुढे न्यायची. चित्रातले हत्यार वेगळे आहे. माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, त्याच्या टोकाला लांब वाकडे पाते. उभ्यानेच ते उजवीकडून डावीकडे फिरवायचे, अंगण झाडल्यासारखे. असे हत्यार आपल्या भागात नसल्यामुळे त्याला आपल्याकडे नावही नाही. मी ‘लांब दांड्याचा विळा’ म्हणते.

खानापूरकडच्या एका गावात एक आजोबा उठून चादरीपाशी गेले आणि पात्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यानं गवत कापायचं. गहू कापला तर काडं उलटंपालटं पडतंय की सगळं. लोंब्या कुठं, बुडकं कुठं! पेंढी बांधणार कशी?” त्यांनी जन्मात ते हत्यार हातात धरलेले नव्हते. नुसत्या चित्रावरून ओळखले, आणि अगदी बरोबर ओळखले.

त्या काळी अमेरिकेत उघड्या पात्याने मुख्यतः गवत कापीत. धान्यासाठी त्याच दांड्याला पात्याच्या वर लाकडी बोटांचा पंजा जोडलेला असे, आपल्या दंताळ्यासारखा. कापलेली काडे त्या पंजात अडकत आणि एका दिशेने, सारख्या ओळीत खाली पडत. मग पेंढ्या बांधायला सोपे जाई. शिवाय १८६५पर्यंत कापणीची यंत्रेही पसरली होती. सायरस मॅककॉर्मिकने आपल्या यंत्राचे पेटंट १८३४ मध्येच घेतले होते आणि युद्धाच्या वर्षांत, गडीमाणूस फौजेत गेल्यामुळे, त्यांचा वापर वाढला. म्हणजे हा माणूस जुन्या पद्धतीने कापतो आहे, आणि त्यातही चुकीच्या हत्याराने.

मग चित्रकाराला शेतीतले कळत नव्हते, असे म्हणायचे का?

नाही, आणि याचा पुरावा चित्रातच आहे. होमरने आधी पंजा असलेले, धान्याचे, बरोबर हत्यार काढले होते. नंतर लाकडी बोटे रंगाखाली बुजवली आणि एकच पाते ठेवले. वरचा रंग पातळ होता; वर्षांमागून वर्षे गेली तसा तो पारदर्शक होत गेला, आणि आज मूळ पंजाच्या रेषा पुसट दिसतात. चांगली मोठी प्रत घेऊन पात्याच्या आसपास शोधा.

म्हणजे त्याला बरोबर काय ते माहीत होते, त्याने ते काढलेही होते, आणि मग समजून-उमजून मोडले. का? युरोप-अमेरिकेत मृत्यूचे रूप म्हणजे हाडांचा सापळा आणि त्याच्या हातात लांब दांड्याचा विळा. माणसे म्हणजे उभे पीक आणि मृत्यू म्हणजे कापणी करणारा. पंजा असलेले हत्यार पाहून कुणाला मृत्यू आठवला नसता. उघडे पाते पाहून १८६५च्या अमेरिकन माणसाला तो आठवल्यावाचून राहिला नसेल.

आपला यम रेड्यावरून येतो आणि त्याच्या हाती पाश असतो. तो कापत नाही, ओढून नेतो. म्हणून हे प्रतीक आपल्याला पाठ्यपुस्तकासारखे समजावून घ्यावे लागेल असे मला आधी वाटायचे. ते खोटे ठरले. लढाईत माणसे ‘कापली गेली’ असेच आपण म्हणतो, दंगलीला ‘कापाकापी’ म्हणतो. आजोबांची हरकत ऐकली आणि मी विचारले, “मग गवतासारखं काय कापलं असेल ह्यानं?” तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी हळूच “माणसं” म्हटले. कुणी शिकवले नव्हते.

माझे ठाम मत असे की या चित्राचे सर्वांत चांगले वाचक शेतकरी आहेत. शहरातल्या माणसाला ते हत्यार पाहून काहीच खटकत नाही. आणि ज्याला खटकत नाही त्याला चित्रकाराने तिथे काय ठेवले आहे त्याचा पत्ता लागायला पुस्तकाची वाट पाहावी लागते.

गहूच का?

एक तर तो उत्तरेचा दाणा. दक्षिणेची ओळख कापूस, आणि कापूस म्हणजे गुलामांचे श्रम. उत्तरेचा सैनिक आपल्या घरच्या पिकात उभा आहे.

दुसरे, या युद्धातल्या काही भयंकर लढाया उभ्या पिकात झाल्या. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमला मक्याच्या शेतात. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला गव्हाच्या शेतात. गेटिसबर्गचे ते शेत एका दिवसात अनेकदा या बाजूकडून त्या बाजूकडे गेले. त्याच लढाईनंतर टिमथी ओसलिव्हनने मैदानात पडलेल्या प्रेतांचे छायाचित्र घेतले आणि ते ‘मृत्यूची सुगी’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. अशा वेळी कापलेल्या गव्हात उभा राहिलेला सैनिक पाहून लोकांना काय आठवत असेल ते सांगायला नको.

तिसरे, बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात एक वचन आहे : लोक तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील. चित्राच्या मूळ प्रेक्षकाला ते तोंडपाठ होते. रोमच्या सिन्सिनेटसची गोष्टही त्यांना ठाऊक होती. नांगर सोडून तो सेनापती झाला, लढाई जिंकली आणि पुन्हा नांगराकडे गेला.

आणि हो, गहू एवढा उंच असतो का, असेही विचारतात. बुटक्या जाती आपल्याकडे १९६०च्या दशकात आल्या. ज्यांनी खपली पाहिली आहे त्यांना ही उंची फार नवलाची वाटत नाही. तरी होमरने थोडे वाढवले असावे. तो गहू पीक कमी आणि भिंत जास्त वाटतो.

‘नव्या शेतातला’ म्हणजे? शेत तर त्याचे जुनेच असेल की!

इंग्रजी ‘फील्ड’ या शब्दात शेतही आहे, रणांगणही आहे आणि कामाचे क्षेत्रही. चित्राचे नाव या तिन्हींवर पाय ठेवून उभे आहे. मराठीत करताना यातले काहीतरी सांडणारच, असे मला वाटे. पण आपला ‘शेत’ शब्द ‘क्षेत्र’वरून आला आहे, आणि कुरुक्षेत्र हेही क्षेत्रच. उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात एकर-गुंठे लिहितात तोच हा शब्द. आपण बोलताना शेताला ‘रान’ म्हणतो आणि लढाईला ‘रण’. हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत, पण एका कान्याच्या आणि ‘न’-‘ण’च्या अंतरावर राहतात. म्हणून बैठकीत मी नाव सांगते ते ‘रणातून रानात’. छापताना मात्र सरळ भाषांतर ठेवले आहे.

युद्ध संपल्यावर इतके सैनिक परत शेतीला कसे लागले?

बहुतेक जण मुळात शेतकरीच होते. शरणागतीच्या वेळी ग्रँटने एक सवलत दिली : दक्षिणेच्या ज्या सैनिकाचा स्वतःचा घोडा किंवा खेचर असेल त्याने ते घरी न्यावे, म्हणजे पेरणी बुडणार नाही. एप्रिल महिना होता. ही गोष्ट सांगितली की शेतकरी माना डोलावतात; वाफसा कुणासाठी थांबत नाही हे त्यांना माहीत आहे. उत्तरेच्या फौजेतलेही सुमारे आठ लाख लोक त्या नोव्हेंबरपर्यंत मोकळे झाले. एवढी माणसे एका सुगीत घरी आली. यंत्रे आलेली, कर्ज झालेले, शेजारच्या घरातला पोरगा परतलेला नाही. चित्रात यातले काही दाखवलेले नाही, पण नावातला ‘नव्या’ हा शब्द मला इथेही लागू वाटतो.

त्याने आपल्याकडे पाठ का केली आहे?

तोंड दिसले असते तर आपण ते वाचत बसलो असतो. दुःखी आहे की सुटल्यासारखा, तरुण की उतारवयाचा. तोंड नाही म्हणून तो कुणा एका घरचा राहत नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या कितीतरी बायकांनी तो आपलाच म्हणून पाहिला असेल.

पण मला आणखी एक कारण दिसते. १८६२च्या वसंतात होमर यॉर्कटाउनच्या वेढ्यात फौजेबरोबर होता. तिथे उपासमार होती, तापाची साथ होती. तो घरी आला तेव्हा इतका बदलला होता की जिवलग मित्रांनाही ओळखू आला नाही, असे त्याच्या आईने, हेन्रिएटाने, पत्रात लिहून ठेवले आहे. ज्याचे तोंडच आपल्या माणसांना अनोळखी झाले होते, त्याने तीन वर्षांनी परतलेला सैनिक काढला आणि त्याचे तोंड दाखवले नाही.

लहानपणी मी न्याहारी घेऊन रानात जायची तेव्हा आप्पांची आधी पाठ दिसायची. मी हाक मारायची. ते ऐकायचे, हात थांबायचा, पण वळायला थोडा वेळ लागायचा. दोन-तीन श्वास. मग वळायचे ते हसूनच. त्या दोन-तीन श्वासांत ते कुठे असत हे मी कधी विचारले नाही. होमरच्या चित्रात तो वेळ थांबलेला आहे.

होमर स्वतः लढला होता का?

नाही. तो ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी आघाडीवर जाऊन चित्रे काढीत असे. त्यावरून ठसे कोरून ती छापली जात. १८६२ साली त्याने नेमबाजाच्या बंदुकीच्या दुर्बिणीतून समोर पाहिले होते. झाडावर बसून नेम धरणाऱ्या सैनिकाचे चित्र त्याने १८६३ मध्ये रंगवले, आणि पुढे १८९६ साली एका पत्रात लिहिले की ते दृश्य त्याला खुनाच्या अगदी जवळचे वाटले होते. तेहेतीस-चौतीस वर्षे ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती. म्हणून हे चित्र शांततेचा सोहळा आहे असे कुणी म्हटले की मला पटत नाही.

लिंकनच्या हत्येशी याचा संबंध जोडतात, तो खरा का?

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ रोजी गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. शरणागतीनंतर आठवडाही झाला नव्हता. त्या उन्हाळ्यात काढलेल्या चित्रावर तो शोक पडला असणार, असे अनेक अभ्यासक मानतात. चित्रात थेट खूण एकही नाही, म्हणून मी हा अर्थ शक्य म्हणून सांगते, ठरलेला म्हणून सांगत नाही.

एवढी प्रतीके आहेत तर याला वास्तववादी चित्र का म्हणायचे?

कारण त्यातली एकही वस्तू त्या शेतात परकी नाही. देवदूत नाही, सापळा नाही, आभाळातून उतरलेला प्रकाश नाही. कोट, बाटली, पाते, काड, घाम. बेळगावला चित्रकार के. बी. कुलकर्णींची परंपरा आहे; रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. व्यक्तिचित्रात धोतराची एक चुणीसुद्धा खरी हवी, हा इथला आग्रह. त्या शाळेत वाढलेल्या माणसाला होमर परका वाटणार नाही. फरक एवढाच की होमर सगळे खरे ठेवतो आणि एकाच ठिकाणी, त्या पात्यापाशी, खरेपणा मुद्दाम सोडतो.

या चित्रात कोण नाही?

हा प्रश्न कमी वेळा येतो, पण यायला हवा. हे युद्ध गुलामगिरीवरून पेटले. उत्तरेच्या फौजेत सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी मंजूर झाली. या गव्हात मात्र त्यांच्यापैकी कुणी नाही. होमरने पुढे त्यांना रंगवले : १८७६ मध्ये कापूस वेचणाऱ्या दोन तरुणींचे चित्र, आणि त्याच वर्षी भेटीला आलेल्या जुन्या मालकिणीला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांचे. ही दोन्ही चित्रे याच्या शेजारी लावून बघा. त्या बायकांची तोंडे त्याने दाखवली आहेत.

आपल्याकडच्या फौजींना हे चित्र कसे वाटते?

मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर बेळगावातच आहे, तेव्हा माझ्या बैठकीत फौजी नसतील असे होतच नाही. ते प्रतीकांबद्दल कमी बोलतात. एका निवृत्त हवालदारांनी ९ एप्रिल ही तारीख ऐकताच मान वर केली. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवरून वाहून आणले आणि एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तारखा जुळणे हा योगायोग, पण त्या खोलीत अमेरिका एकदम जवळ आली.

दुसऱ्या एका काकांना कोट खटकला. “वर्दी अशी टाकत नसतात, ताई. घडी घालून ठेवतात.” मग बराच वेळ चित्राकडे पाहून म्हणाले, “पण शेवटच्या दिवशी मी पण टाकली होती.”

छापील प्रत मिळेल का?

मिळेल. चित्र जुने असल्यामुळे हक्कमुक्त आहे, आणि मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून अशा चित्रांच्या मोठ्या प्रती आपल्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घ्यायला ठेवल्या आहेत. शहरातल्या कुठल्याही डिजिटल छपाईच्या दुकानात ए-थ्री आकारात छापून होईल. आमची पहिली प्रत छापताना दुकानदाराने फ्रेमच्या मापात बसावे म्हणून चहूबाजूंनी थोडे थोडे कापले, आणि बाटली अर्धी गेली. म्हणून आधीच सांगून ठेवा : आभाळ कापले तर चालेल, खालचा उजवा कोपरा कापू नका.